हॅमट्रॅमकची नगरसभा आणि मताचे मोल

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दिल्ली आणि मुंबई उभी राहते. परंतु घरचा नळ, गल्लीतला दिवा आणि दारापुढचे गटार यांचा निकाल गावच्या सभागृहात लागत असतो. म्हणून आज मी एका लहानशा शहराच्या निवडणुकांचा इतिहास आपल्यापुढे ठेवणार आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात हॅमट्रॅमक नावाचे शहर आहे. मोटारींसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइटने ते जवळजवळ चहूबाजूंनी वेढले आहे. क्षेत्रफळ सुमारे साडेपाच चौरस किलोमीटर. २०२० च्या शिरगणतीत लोकसंख्या २८,४३३. १९१० साली येथे जेमतेम साडेतीन हजार वस्ती होती. डॉज बंधूंचा मोटार कारखाना उभा राहिला आणि पोलंडमधून मजुरांची रीघ लागली. १९२० साली लोकसंख्या ४८ हजारांवर गेली! १९२२ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. पहिले महापौर पीटर जेझेव्स्की हे पोलिश वंशाचे होते, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे हे पद त्याच समाजाकडे राहिले.

आपल्या महानगरपालिकांत महापौराची निवड नगरसेवक करतात. तेथे ती थेट मतदार करतात. नगरसभेचे सभासद सहा. प्रभाग नाहीत, त्यामुळे प्रत्येक उमेदवाराला साऱ्या शहराची मते मागावी लागतात.

या सभागृहात सामान्य माणसे कशी पोहोचली पाहा. १९३५ साली मांसाचे भाव भडकले, तेव्हा गृहिणींनी खरेदीवर बहिष्कार टाकला. त्यांची पुढारी मेरी झुक ही दुसऱ्याच वर्षी नगरसभेवर निवडून आली. स्वयंपाकघरातला प्रश्न सभागृहात गेला तो असा.

पण बहुमत नेहमी न्यायाने वागतेच असे नाही. पुनर्विकासाच्या नावाखाली शहराने काळ्या रहिवाशांना घराबाहेर काढले. १९७१ साली न्यायाधीश डेमन कीथ यांनी शहराला दोषी ठरविले. नुकसान भरून निघायला मात्र कित्येक दशके लागली.

१९८० मध्ये डॉजचा जुना कारखाना बंद पडला. पोलिश कुटुंबे हळूहळू बाहेर गेली आणि येमेन, बांगलादेश, बोस्निया येथील लोक वस्तीला आले. १९९९ च्या निवडणुकीत काय घडले? ज्यांचा वर्ण सावळा आणि ज्यांची नावे अरबी, अशा मतदारांना मतदान केंद्रावर अडवून त्यांच्या नागरिकत्वाबद्दल हरकत घेण्यात आली. मत देण्यापूर्वी त्यांच्याकडून शपथ घेतली गेली. ते हातघाईवर आले नाहीत. प्रकरण केंद्र सरकारच्या न्याय खात्याकडे गेले, २००० साली न्यायालयामार्फत तडजोड झाली, आणि अरब व बंगाली वंशाच्या लोकांना मतदान केंद्रांवर अधिकारी म्हणून नेमण्याचे बंधन शहरावर आले.

त्यानंतरची वाटचाल पायरीपायरीने झाली. २००३ मध्ये बांगलादेशी वंशाचे शहाब अहमद नगरसभेवर निवडून आले. २००४ मध्ये ध्वनिक्षेपकावरून अजान देण्याच्या नियमावर शहराने सार्वमत घेतले आणि तो नियम कायम राहिला. मुसलमान मतदार तेव्हा बहुसंख्य नव्हते; इतर शेजाऱ्यांच्या मतांवाचून हे झाले नसते, हे विसरू नये. २०१५ मध्ये सहापैकी चार सभासद मुसलमान झाले. २०२१ मध्ये येमेनमध्ये जन्मलेले अमेर गालिब महापौरपदी निवडून आले. त्यानंतर बसलेल्या नगरसभेतील सर्व सभासद मुसलमान होते.

येथे खरी परीक्षा सुरू झाली. २०२३ मध्ये या नगरसभेने ठराव करून सार्वजनिक जागेवर ठरावीक ध्वजांशिवाय इतर ध्वज लावण्यास मनाई केली. त्यामुळे समलिंगी समाजाचा इंद्रधनुषी ध्वजही उतरला. नियम सर्वांना सारखा आहे, असे सभागृहाचे म्हणणे होते. पण पूर्वी नवागतांच्या बाजूने उभे राहिलेले काही नागरिक दुखावले. "तुम्हांला जागा हवी होती तेव्हा आम्ही दिली," अशी त्यांची भावना होती. कोणाची बाजू बरोबर, यावर आपल्यात मतभेद होऊ शकतील. परंतु कालचा अल्पसंख्य आज बहुसंख्य होतो तेव्हा त्याच्यावर नवी जबाबदारी येते, याविषयी दुमत नसावे.

विद्यार्थी मित्रांनो, मोठा घोळका जमवून हक्क टिकत नाही. मतदारयादी वाचता येणे, अर्ज बिनचूक भरता येणे, हरकतीला कायद्याने उत्तर देता येणे, याला शिक्षण लागते. अठरा वर्षे पूर्ण होताच यादीत आपले नाव आहे की नाही ते पाहा. पालकांनो, मुलांबरोबर मुलींचे नावही तितक्याच काळजीने नोंदवा. आणि आपल्यापैकी कोणी उद्या सभागृहात बसला, तर ज्या गल्लीने त्याला मत दिले नाही त्या गल्लीतला दिवाही त्याने लावावा. असे प्रतिनिधी घडविणे हेच शाळेचे काम आहे.