डिझेल गाडीची काजळी-गाळणी तुंबू नये म्हणून
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात आज ट्रॅक्टरबरोबर डिझेलवर चालणारी जीप, पिकअप किंवा मोटार उभी असते. सकाळी भाजीबाजार, दुपारी खते-औषधे, संध्याकाळी दूध संकलन केंद्र अशा तिच्या फेऱ्या चालू असतात. देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषण मानके लागू झाली. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी एक गाळणी बसवलेली असते. गॅरेजमध्ये तिला 'डीपीएफ' म्हणतात. ती तुंबली की गाडीचा जोर कमी होतो, डिझेल जास्त लागते आणि दुर्लक्ष केले तर ऐन हंगामात गाडी उभी राहते. नवी गाळणी फार महाग पडते. म्हणून तिची माहिती प्रत्येकाने करून घेणे जरुरीचे आहे.

गाळणीचे काम

ही गाळणी मधाच्या पोळ्यासारखी, बारीक छिद्रे असलेल्या चिनी मातीसारख्या पदार्थाची असते. धूर तिच्या भिंतींतून पार होतो व काजळी आत अडकते. पूर्वीच्या स्टेज ४ मानकांत डिझेल मोटारीला दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती. स्टेज ६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा गाळणी ही नसती कटकट नसून आपल्याच फुप्फुसांची राखण आहे.

अडकलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते. काजळी ठराविक मर्यादेपर्यंत साठली की इंजिन थोडे जादा डिझेल सोडते, गाळणीतील उष्णता सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि काजळी जळते. हे काम सुरू असताना गाडी उभी असली तरी इंजिनाचे फेरे वाढलेले जाणवतात, पंखा जोरात फिरतो व गरम वास येतो. हा बिघाड नव्हे. अशा वेळी शक्यतो इंजिन बंद करू नये.

गाळणी का तुंबते?

मुख्य कारण म्हणजे लहान लहान फेऱ्या. शेतापासून बाजार तीन-चार किलोमीटर. इंजिन नीट तापते न तापते तोच आपण किल्ली फिरवतो. नारायणगावचा टोमॅटो बाजार असो की लासलगावचा कांदा बाजार, रांगेत इंजिन चालू ठेवून तासन् तास थांबले तर काजळी साठते, पण जळत नाही. याखेरीज धुळीने भरलेला एअर फिल्टर, खराब इंजेक्टर व टर्बोची फाटलेली नळी यांनीही काजळी वाढते.

दुसरे कारण चुकीचे ऑइल. चुलीत लाकूड जळते, पण राख उरते. तसेच इंजिन ऑइलमधील काही घटकांची राख गाळणीत कायमची साठते. ती कितीही उष्णतेने जळत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले, कमी राखेचेच ऑइल वापरावे. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातले ऑइल गाडीत ओतू नये. रॉकेलची भेसळ असलेले किंवा सुटे मिळणारे डिझेलही टाळावे.

दिवा लागला तर काय करावे?

१) गाळणीचा पिवळा दिवा लागला म्हणजे गाडी सवड मागत आहे असे समजावे. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर साधारण १५ ते २० मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. पुष्कळ गाड्यांसाठी ताशी ५० ते ६० किलोमीटर वेग व सुमारे २००० फेरे पुरतात. दिवा विझेपर्यंत थांबू नये.

२) टाकीत पुरेसे डिझेल ठेवावे. डिझेल फार कमी असेल तर बऱ्याच गाड्या काजळी जाळण्याचे काम सुरूच करत नाहीत.

३) इंजिनाचाही दिवा लागला व जोर कमी झाला, तर गाडी दामटू नये. माहितगार कार्यशाळेत संगणक जोडून काजळी जाळून घ्यावी. तेवढ्याने भागले नाही तर गाळणी उतरवून यंत्रावर साफ करून घेता येते. मात्र ती का तुंबली, हे शोधल्याशिवाय गाडी घरी आणू नये. नाहीतर थोड्याच दिवसांत पुन्हा तोच खर्च.

४) डिपस्टिकवर ऑइलची पातळी नियमित पाहावी. काजळी जाळण्याचे काम वारंवार अर्धवट राहिले तर डिझेल ऑइलमध्ये उतरते व पातळी वाढते. ऑइल वाढलेले दिसले तर ती बरकत नव्हे. पातळ झालेल्या ऑइलने इंजिन झिजते, म्हणून ते लगेच बदलावे.

या गोष्टी करू नयेत

गाळणीवर पाण्याचा फवारा मारणे, आत गज खुपसणे किंवा ॲसिड ओतणे याने ती फुटते. कोणी सांगेल, 'गाळणी काढून साधी नळी टाका, कटकट मिटेल.' मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत असा बदल करता येत नाही. शिवाय तो धूर प्रथम आपल्याच अंगणात, आपल्याच मुलाबाळांच्या नाकात जातो.

सर्वांत महत्त्वाची सूचना आगीसंबंधी आहे. काजळी जळत असताना धुराची नळी अतिशय तापलेली असते. अशी गाडी उसाच्या पाचटावर, वाळल्या गवतात, कडब्याच्या गंजीजवळ किंवा खळ्यावर कधीही उभी करू नये. खाली माती किंवा फरशी असलेली मोकळी जागा पाहावी. वर्षाची वैरण क्षणात जळू शकते.

बंधू-भगिनींनो, आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस-पंचवीस मिनिटे मोकळ्या रस्त्याने चालवावी. तालुक्याच्या गावची चार कामे एकाच फेरीत उरकली तर वेगळे डिझेलही लागणार नाही. आणि पिवळा दिवा दिसला की उद्यावर ढकलू नका. आज वीस मिनिटे दिलीत तर हंगामात गाडी तुम्हाला दगा देणार नाही, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.