छोटा चमू, मोठे ऋण

(माहितीपटनिर्मितीविषयीच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना दादासाहेब फाळके आणि १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' यांच्यापासून आरंभ करण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच्या चौदा वर्षे आधी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावेदादा या मराठी छायाचित्रकाराने मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रण केले होते. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला आणि त्यानंतर सावेदादांनी इंग्लंडहून कॅमेरा मागविला. कुस्तीची ती फिल्म धुण्यासाठी पुन्हा इंग्लंडलाच पाठवावी लागली. पुढे १९०१ मध्ये केंब्रिजच्या सीनियर रँग्लरचा बहुमान मिळविलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण सावेदादांनी केले. त्यात नट नव्हते, नेपथ्य नव्हते, लिहिलेली कथा नव्हती. या भूमीत चलच्चित्रणाचा एक पहिला अंकुर फुटला तो माहितीपटाच्या रूपात, आणि तोही जवळजवळ एकहाती!

फाळक्यांची वाटचालही याहून निराळी नव्हती. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे करण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून त्याच्या रोपाची वाढ पडद्यावर आणली. तो लघुपट पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. या उद्योगात सरस्वतीबाई फाळके स्वतः फिल्म धुण्यापासून कलावंतांच्या जेवणाखाणापर्यंतची कामे करीत होत्या. साधने अपुरी, माणसे मोजकी, चिकाटी मात्र अमाप, असे हे चित्र आहे.

आज साधनांची वाण राहिलेली नाही. सावेदादांना जे सातासमुद्रापलीकडून मागवावे लागले, ते आज विद्यार्थ्याच्या खिशात असते. मग माहितीपट करणे सोपे झाले काय? यंत्रापुरते सोपे झाले. माणसापुरते ते पूर्वीइतकेच अवघड आहे.

हे समजून घेण्यासाठी एक उदाहरण कल्पू. समजा, चार विद्यार्थ्यांनी पुण्यातील कसबा पेठेच्या तांबट आळीवर वीस मिनिटांचा माहितीपट करण्याचे ठरविले. पेशवेकाळात कोकणातून येऊन येथे स्थिरावलेल्या तांबटांनी घागरी, हंडे, कळश्या आणि पुणेरी घरांतील पाणी तापविण्याचे बंब पिढ्यान्‌पिढ्या घडविले. ठोकून ठोकून तांबे कडक होते, म्हणून ते भट्टीत तापवून पुन्हा नरम करावे लागते. घडलेल्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन त्याला बळकटी आणि झळाळी आणण्याचे काम म्हणजे 'माठारकाम'. विषय उत्तम आहे, जवळचा आहे आणि दृश्यांनी भरलेला आहे.

या चौघांत एक दिग्दर्शक, एक छायाचित्रणकार, एक ध्वनिमुद्रक आणि एक निर्मितीव्यवस्थापक. संकलन यांपैकीच एकाने करावयाचे. माणसे चारच असण्यात कमीपणा काहीच नाही. लहानशा कारखान्यात दहा माणसे शिरली, तर कारागिराला हातोडी उचलायलाही जागा उरणार नाही. तो काम थांबवील, चहा मागवील आणि पाहुण्यांकडे पाहून हसत बसेल. चित्रण होईल ते पाहुणचाराचे, कामाचे नव्हे. तिघे-चौघे मात्र कोपऱ्यात मावतात. दोन दिवसांनी त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, आणि खरे चित्रण तेव्हाच सुरू होते.

म्हणूनच पहिल्या दोन-तीन भेटी कॅमेऱ्यावाचून व्हाव्यात. सार्वजनिक कार्य करणाऱ्यांना 'संपर्क' या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. ज्याच्या दारी जायचे, त्याच्या ओट्यावर आधी बसावे, त्याचे ऐकावे, काम मागाहून काढावे. येथेही तोच नियम आहे.

बहुतेक विद्यार्थी निष्कर्ष खिशात घेऊन जातात. 'एक मरणासन्न कला' हे शीर्षक आधी ठरते आणि चित्रण नंतर होते. मग एखादा वृद्ध तांबट सहज विचारतो, "बाळांनो, कला मरतेय असं तुम्हांला कुणी सांगितलं? बंब गेला हे खरं. गिऱ्हाईक बदललं, तसा माल बदलला. हातोडी तीच आहे." विद्यार्थी म्हणतो, "काका, पण पुढची पिढी?" काका म्हणतात, "ते तिलाच विचारा की!" येथे चमूची पहिली परीक्षा होते. हे उत्तर नको म्हणून कॅमेरा बंद करायचा, की शीर्षक बदलायचे? जो शीर्षक बदलतो, तोच माहितीपट करतो. दुसरा केवळ स्वतःच्या मताला चित्रे चिकटवितो.

तंत्राचीही शिस्त हवी, कारण निष्काळजीपणा हा समोरच्या माणसाच्या वेळेचा अपमान असतो. भारतातील घरगुती वीज ५० हर्ट्‌झची आहे. जुन्या ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ चौकटी आणि शटर पन्नासांश सेकंद एवढे ठेवले नाही, तर चित्र फडफडण्याचा धोका असतो. मोबाइलमध्ये बहुधा ३० चौकटींची योजना आधीच लावलेली असते, ती पहिल्याच दिवशी पाहून घ्यावी.

आवाजाचा प्रश्न त्याहून मोठा. तांबट आळीत हातोड्यांच्या गजरात घेतलेली मुलाखत पुढे कोणालाही ऐकू येणार नाही. तेव्हा काम चालू असताना कामाचा नाद मुद्रित करावा आणि बोलणे हातोडी खाली ठेवल्यावर, जेवणाच्या सुट्टीत वा संध्याकाळी करावे. गळपट्टीला लावायचा लहान मायक्रोफोन कॅमेऱ्यावरील मायक्रोफोनहून कितीतरी अधिक उपयोगी पडतो. निघण्यापूर्वी त्या रिकाम्या खोलीची शांतता मिनिटभर मुद्रित करावी. संकलनात दोन वाक्यांमधील खड्डा भरायला तीच कामी येते. कारखान्यातील रेडिओवर चित्रपटगीत चालू असेल, तर तो नम्रपणे बंद करण्याची विनंती करावी. गीताचे हक्क दुसऱ्याचे असतात आणि तेवढ्या एका गाण्यापायी महोत्सवाची किंवा दूरचित्रवाणीची दारे बंद होऊ शकतात.

रोज रात्री त्या दिवसाच्या चित्रणाच्या तीन प्रती काढाव्यात. त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावी. हा उपदेश कंटाळवाणा वाटतो. परंतु अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी आर्क्टिक प्रदेशात कष्टाने केलेले सुमारे तीस हजार फूट चित्रण १९१६ मध्ये सिगारेटच्या ठिणगीने जळून खाक झाले होते, हे ध्यानी असावे.

फ्लॅहर्टी खचले नाहीत. १९२० मध्ये ते हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर परतले आणि तेथील इनुइट लोकांना सहकारी करून त्यांनी 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा १९२२ चा जगप्रसिद्ध चित्रपट सिद्ध केला. फिल्म तेथेच धुऊन ते ती त्या लोकांना दाखवीत. चित्रणात काय आले आणि काय हवे, हे सर्वांना मिळून पाहता येई. आदर्श घ्यावा तो याचा.

पण त्याच चित्रपटाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी पाहावी. नायकाचे खरे नाव नानूक नव्हते, ते होते अल्लाकारियाल्लाक. तेव्हा इनुइट बंदूक वापरीत होते, तरी शिकार भाल्याने करून दाखविण्यात आली. आत प्रकाश पुरेना, म्हणून बर्फाचे घर अर्धेच बांधले गेले. घर अर्धे बांधणे ही त्या काळच्या कॅमेऱ्याची अडचण होती. बंदूक लपविणे हे मात्र निराळे. तेथे जगाला जसे पाहायला आवडेल तसे एका समाजाला उभे केले गेले. तांबट आळीतील विजेवर चालणारे यंत्र चौकटीबाहेर सरकवून 'शेकडो वर्षे जसेच्या तसे' असे निवेदन लिहिणारा विद्यार्थी हीच चूक करीत असतो, आणि बहुधा आदरापोटीच करीत असतो. आदरापोटी केलेली असली तरी ती चूकच होय. आपल्या परंपरेवर ज्याची श्रद्धा आहे, त्याला तिचे आजचे रूप दाखविण्याचे भय वाटू नये.

आता सर्वांत अवघड प्रसंग. आयुष्यभर हातोडीच्या ठोक्यांत बसणाऱ्यांची श्रवणशक्ती क्षीण होते, हा या व्यवसायाचा सर्वज्ञात धोका आहे. समजा, चौथ्या दिवशी संध्याकाळी घरात मुलाखत चालू आहे. काकूंनी तीनदा हाक मारली, काकांना ऐकू गेली नाही. काकूंनी येऊन खांद्यावर हात ठेवला. काका ओशाळून हसले आणि म्हणाले, "आता ठोका कानाला नाही, हाताला कळतो." कॅमेरा चालू होता. संपूर्ण माहितीपटात याहून मोलाचा क्षण नाही, हे चौघांनाही तत्क्षणी कळले. दुसऱ्या दिवशी काकूंनी दारातच थांबवून सांगितले, "कालचं ते घालू नका हो. नातीचं लग्न जमवतोय. चारचौघांत चर्चा नको."

काय करावे? कागदावर काकांची संमतीची सही आहे. कायद्याच्या दृष्टीने कदाचित प्रश्नच उरत नाही. कोणी म्हणेल, हा एका माणसाचा नव्हे, एका व्यवसायाचा प्रश्न आहे, तो समाजासमोर आलाच पाहिजे. हा युक्तिवाद पोकळ नाही. सत्य सांगण्यासाठीच माहितीपट असतो. सत्तास्थानी बसलेल्याने सार्वजनिक कर्तव्याविषयी दिलेले उत्तर त्याला अडचणीचे ठरते, म्हणून ते गाळता कामा नये. तेथे गाळणे ही भीरुता आहे.

परंतु काका सत्तास्थानी नाहीत. त्यांनी चार विद्यार्थ्यांना घरात घेतले ते अतिथी म्हणून. घरात मिळालेले सत्य आणि कार्यालयात मिळविलेले सत्य यांचे नियम एक नाहीत. तेव्हा त्या चौघांनी पुन्हा ओट्यावर बसावे. हा क्षण का महत्त्वाचा वाटतो, हे काका-काकूंना मोकळेपणाने सांगावे. कच्चे संकलन त्यांना दाखवावे. चेहरा न दाखविता केवळ हातांवर ते वाक्य ठेवले तर चालेल काय, की लग्न पार पडेपर्यंत प्रदर्शन थांबवावे, हे विचारावे. आणि इतके करूनही उत्तर 'नको' असेच आले, तर तो क्षण काढून टाकावा. व्यवसायातील बहिरेपणाचा प्रश्न डॉक्टरांच्या मुलाखतीतून आणि बोलायला राजी असलेल्या दुसऱ्या कारागिरांकडून मांडता येतो. प्रश्न समाजाचा आहे. तो ओशाळवाणा चेहरा मात्र काकांचा आहे.

माहितीपट यामुळे मिनिटभराने दुबळा होईल. परंतु त्या आळीत पुढच्या वर्षी दुसरे चार विद्यार्थी गेले, तर दार उघडे मिळेल. हे दार उघडे राहणे हीच विद्यार्थ्यांच्या कामाची खरी कमाई.

संकलनाला बसताना हिशेब मांडावा. पाच दिवस रोज तीन तास चित्रण झाले, तर पंधरा तास म्हणजे नऊशे मिनिटे होतात. त्यांतून वीस मिनिटे ठेवायची, म्हणजे दर पंचेचाळीस मिनिटांमागे एक. प्रत्येक मुलाखत शब्दशः उतरवून काढावी. बोलण्याचा ओघ कागदावर अधिक स्पष्ट दिसतो. वाक्य तोडताना एकच कसोटी लावावी. हे वाक्य असे तोडलेले ऐकून बोलणारा म्हणेल काय, की "होय, मी हेच म्हणालो होतो"? तसे म्हणणार नसेल, तर तोडणे चुकले. निवेदन शक्य तितके कमी ठेवावे. हातोडी स्वतः बोलत असेल, तेव्हा विद्यार्थ्याने गप्प राहावे.

मित्रहो, पुण्यात १९६० पासून प्रभातच्या जुन्या आवारात चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईत १९९० पासून माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. तेथवर अवश्य पोहोचावे, पुरस्कारही मिळवावेत. पण पहिला खेळ आळीतच करावा. एखाद्या भिंतीवर पांढरी चादर ताणावी, प्रक्षेपक मागून आणावा आणि ज्यांची चित्रे आहेत त्यांना पुढच्या सतरंजीवर बसवावे. काकांना नीट ऐकू येणार नाही, म्हणून मराठी उपशीर्षके मोठ्या अक्षरांत द्यावीत.

त्या अंधारात पडद्याकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहावे. काम साधले की नाही, ते तेथे कळते.