आर्किमिडीजचा तराजू

आर्किमिडीज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो सिरॅक्यूजच्या रस्त्यावरून ‘युरेका’ ओरडत धावणारा उघडा माणूस. त्याच्या उपलब्ध ग्रंथांपैकी एकातही ही गोष्ट नाही. ती सांगितली व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदानं, आणि तीही जवळजवळ दोनशे वर्षांनंतर.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. राजा हिएरोच्या सोन्याच्या मुकुटात सोनारानं लबाडीनं चांदी मिसळली का, हे भांड्यातून सांडलेल्या पाण्यावरून ओळखायचं. आता हिशेब करून पाहू. मुकुट एक किलोचा धरा. सोनं शुद्ध असेल तर घनफळ साधारण ५२ घनसेंटिमीटर. त्यात तीस टक्के चांदी असेल तर ६५. फरक १३ चा, म्हणजे अडीच-तीन चमचे पाणी! २० सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात पातळी अर्धा मिलिमीटरसुद्धा हलत नाही. काठोकाठ भरलेलं पाणी तर काठावर त्याहून जास्त फुगून राहतं. सोनार सुटलाच म्हणायचा.

ही पद्धत गॅलिलिओलाही ओबडधोबड वाटली. १५८६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्यानं लिहिलं की आर्किमिडीजनं तराजूच वापरला असणार. त्याचं सोपं रूप असं: एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला तेवढंच सोनं, आणि दोन्ही पाण्यात. चांदी असेल तर मुकुट जास्त पाणी बाजूला सारतो, त्याला जास्त उचल मिळते आणि पारडं वर जातं. तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या ग्रंथातलं आर्किमिडीजचं तत्त्व नेमकं हेच सांगतं.

मला गॅलिलिओचं म्हणणं पटतं, कारण आर्किमिडीज भूमितीसुद्धा तराजूनंच करायचा. अलेक्झांड्रियातल्या इरॅटोस्थेनिस या पंडिताला त्यानं आपली ‘पद्धत’ कळवली होती: गोल, शंकू आणि वृत्तचिती यांचे पातळ काप कल्पायचे, ते तरफेला टांगायचे आणि कोण कोणाला तोलतं ते पाहायचं. यातून गोलाचं घनफळ, तो जिच्यात नेमका बसतो त्या वृत्तचितीच्या दोनतृतीयांश निघतं. ही सिद्धता नव्हे, असं त्यानं स्वतःच बजावलं. पण उत्तर हाती असलं की सिद्धता शोधणं सोपं जातं. (याच गृहस्थानं एकदा अलेक्झांड्रियाच्या पंडितांकडे मुद्दाम दोन खोटी प्रमेयं पाठवली होती. ‘हे आम्हीही शोधलंय’ म्हणणाऱ्यांची फजिती व्हावी म्हणून!)

‘पद्धत’ हा ग्रंथ हरवला होता. दहाव्या शतकातली त्याची चर्मपत्रावरची एक प्रत तेराव्या शतकात खरवडली गेली, आणि त्याच पानांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश पंडितानं कॉन्स्टँटिनोपलला प्रार्थनांच्या ओळींखालची ती पुसट अक्षरं भिंगातून वाचली. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हीच पोथी वीस लाख डॉलरला गेली. त्यानंतर उरलेली अक्षरं क्ष-किरणांनी वाचावी लागली.

रोमन सैनिकाच्या हातून आर्किमिडीज इ.स.पू. २१२ च्या सुमारास मारला गेला. आपल्या थडग्यावर काय असावं, हे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं: वृत्तचिती आणि तिच्यात गोल. मुकुट नव्हे, यंत्रं नव्हेत. इ.स.पू. ७५ मध्ये सिसेरो हा रोमन वक्ता अधिकारी म्हणून सिसिलीत होता, तेव्हा सिरॅक्यूजचे लोक त्याला म्हणाले, असं थडगं इथं नाहीच. तो वेशीबाहेर शोधत राहिला. काटेरी झुडपांच्या वर एका खांबाचं टोक डोकावत होतं, आणि त्यावर गोल आणि वृत्तचिती होती. त्यानं कोयते घेऊन माणसं पाठवली. झुडपं तोडून जवळ गेल्यावर कोरलेल्या ओळी दिसल्या. त्यांचा शेवटचा अर्धा भाग झिजून गेला होता.