पाहुणा आला की आधी वाडा दाखवा

(आपल्या मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी भाषणाला उभं राहणं किती धोक्याचं असतं, हे मी इतक्या वर्षांत शिकलो आहे. तेव्हा वेळेत आटोपतो. कार्यकर्त्यांनी विषय दिला आहे तो जुन्या, मोठ्या घरांचा आणि त्यांच्या अंतरंगाचा. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. सिव्हिल इंजिनिअर आहे, नोकरीनिमित्त बडोद्यात आलो आणि इथलाच झालो. पण घरं बांधण्यात आयुष्य गेल्यामुळे जुनी घरं आतून पाहण्याचा छंद जडला, त्या भांडवलावर बोलतो.

आपल्याकडे पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी लक्ष्मीविलास, दुपारी कमाटीबाग, संध्याकाळी सूरसागर आणि रात्री शेव-उसळ. जाताना हातात लीलो चेवडोचं पाकीट. यात लक्ष्मीविलास हवाच, त्याबद्दल वाद नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव महाराज झाला आणि पंधरा वर्षांत त्याचा हा राजवाडा उभा राहिला. मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराने आराखडा केला, १८८१ मध्ये तो वारला, आणि पुढचं काम रॉबर्ट चिझम यांनी १८९० पर्यंत पूर्ण केलं. दरबार हॉलची मोझेकची जमीन व्हेनिसच्या पद्धतीची, खिडक्यांच्या रंगीत काचा बेल्जियमच्या, पुतळे फेलिची या इटालियन शिल्पकाराचे. राजा रविवर्म्याला महाराजांनी चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं ते याच राजवाड्यासाठी. राजघराण्याचा गणपतीही इथेच बसतो.

हे सगळं पाहून पाहुण्याचे डोळे दिपतात. पण बाहेर आल्यावर तो विचारतो काय? "हा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे म्हणे, खरं का?" म्हणजे लक्षात राहिला तो आकार. घर लक्षात राहिलं नाही. त्यात पाहुण्याची चूक नाही. राजवाडा बांधलेलाच असतो दुसऱ्याने पाहावा म्हणून. त्यात माणसं कशी राहत, जेवत, निजत, भांडत, हे दोरीच्या अलीकडे उभं राहून कळत नाही.

ते कळायचं असेल तर रावपुऱ्यात चला. तिथे रहदारीच्या गलबल्यात तांबेकर वाडा उभा आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेले भाऊ तांबेकर यांचं हे घर. चार मजली, लाकडी खांब-तुळयांचं, अस्सल मराठी वळणाचं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, म्हणजे राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे. या सभागृहातल्या किती जणांनी ते आतून पाहिलंय, असं मी हात वर करायला सांगून विचारणार होतो. पण सणाच्या दिवशी कुणाला अडचणीत आणत नाही.

आत गेलात की डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. मग हळूहळू भिंती बोलू लागतात. वरच्या मजल्यांवर एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत. कृष्णाच्या लीला आहेत, महाभारतातले प्रसंग आहेत, इंग्रज-मराठ्यांच्या लढाईची दृश्यं आहेत, आणि त्याच घरात झगे घातलेल्या गोऱ्या मडमाही आहेत! देवघरात गणपती आणि भिंतीवर मडम, हे त्या दिवाणांना विसंगत वाटलं नाही. एका पायावर मराठी, दुसऱ्यावर गुजराती, समोर इंग्रज रेसिडेंट, असं ज्याचं रोजचं जगणं, त्याच्या घराच्या भिंतीही तशाच. परप्रांतात राहिलेल्या मराठी माणसाचं इतकं प्रामाणिक चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आपल्या घरात एका भिंतीवर दासबोधातली ओवी आणि फ्रिजवर ढोकळ्याची कृती असतेच की!

आता थोडं माझ्या धंद्यातलं बोलतो. वाडा म्हणजे नुसतं मोठं घर नव्हे, ती एक व्यवस्था आहे. दिंडी दरवाजातून वाकून आत यायचं, मग देवडी, मग पहिला चौक. परक्या माणसाची, कारकुनाची, तगादेवाल्याची मजल इथवर. ओसरीवर त्याचं काम भागायचं. ओळखीचा असेल तर सोप्यावर, जवळचा असेल तर आत. माजघर घरच्यांचं आणि त्याच्या मागचा चौक बायकांचा. आपल्या फ्लॅटमध्ये दार उघडलं की कुरिअरवाल्याला थेट डायनिंग टेबल दिसतं. वाड्याला घरपण होतं ते या पायऱ्या-पायऱ्यांनी आत नेण्यात.

चौकाचं कामही पाहा. दिवसा तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि खोल्यांतली हवा हलती राहते. रात्री गार हवा खाली उतरते. वीज नाही, पंखा नाही, तरी बडोद्याचा मे महिना माणसं काढत होती. भार सगळा लाकडी खांब आणि तुळयांवर, जाड भिंती उन्हाला अडवायला. खिडक्या अगदी जमिनीलगत, कारण बैठकच खाली. गादीवर लोडाला टेकून बसलेल्या माणसाला रस्ता दिसावा, हा त्यामागचा हिशेब. खुर्चीवर बसणारी पिढी आली आणि त्याच खिडक्या लोकांना बुटक्या वाटू लागल्या. सामानही थोडं. कोनाडे, खुंट्या, फडताळं भिंतीतच, धान्याला बळद, छताला हंडी-झुंबर आणि मध्ये झोपाळा. जे काही नटवायचं ते लाकडालाच. सुरूच्या आकाराचे खांब, त्यांच्यामधल्या महिरपी, वर कडीपाट.

मात्र सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. झुंबरं दिवाणखान्यात आणि धूर स्वयंपाकघरात, अशी वाटणी होती. माजघराच्या अंधारात किती जणींचं आयुष्य गेलं, ते चित्रांत काढलेलं नाही. विटाळ, सोवळं, विधवांचा कोपरा, हेही त्या भिंतींनी पाहिलंय. म्हणून वाडा परत आणा असं माझं म्हणणं नाही. आपले आजोबा-पणजोबा कसे राहिले, हे गोड-कडू दोन्ही बाजूंनी सांगणारा पुरावा तोच एक आहे, एवढंच म्हणणं.

आणि हा पुरावा आतून संपतो. हे माझं आजचं मुख्य सांगणं आहे. पुण्याचा शनिवारवाडा पाहा. बांधकाम १७३२ मध्ये पुरं झालं, १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं. आज तट आहे, दिल्ली दरवाजा आहे, पण पेशव्यांचा दिवाणखाना प्रत्यक्षात कसा दिसे ते आपण डोळ्यांनी पाहू शकत नाही. इंदूरचा राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४ च्या आगीत आतला भाग गेला आणि लोकांच्या डोळ्यांपुढे राहिली ती दर्शनी बाजू. दगड उरतो. लाकूड, रंग, छत, म्हणजे ज्याला आपण घर म्हणतो, ते आधी जातं.

राजवाड्यांना निदान आग तरी लागते, आपल्या साध्या वाड्यांना पाणीच पुरतं. माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, दोन चौकी वाडा होता. वाटण्या झाल्या, भाडेकरू जुन्या भाड्यावर राहिले, आणि दरवर्षीची कौलांची शाकारणी कुणी करायची यावर एकमत होईना. पाणी मुरलं. तुळई सहसा मधोमध आधी कुजत नाही, भिंतीत शिरलेलं तिचं टोक कुजतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. मग कुणीतरी डागडुजी म्हणून चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमध्ये ती कोंडून राहते. सात-आठ पावसाळ्यांत काम तमाम. पण त्याआधीच नक्षीचा दरवाजा आणि चार खांब जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने नेले होते. आज तिथे चार मजली इमारत आहे. आजीचं बाळंतपण कोणत्या खोलीत होत असे, हे सांगणारी मावशीही आता नाही.

म्हणून तीन विनंत्या करतो आणि बसतो.

पहिली. पुढच्या वेळी पाहुणा आला की लक्ष्मीविलासच्या आधी त्याला तांबेकर वाड्यात न्या. मुलांनाही न्या. चित्रांना हात लावू देऊ नका, फक्त पाहू द्या. जिथे माणसांची ये-जा असते, तिथे देखभालीची विचारणाही होते.

दुसरी. तुमच्या गावी वडिलोपार्जित घर अजून उभं असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस त्यासाठी द्या. टेप घ्या, वही घ्या, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी मांडून कच्चा नकाशा काढा. फोटो आतले काढा, बाहेरचे सगळेच काढतात. घरातल्या सर्वांत वडील माणसाला बरोबर फिरवा आणि प्रत्येक जागेचं नाव विचारून लिहा. बळद कुठे, तिजोरीची खोली कोणती, गौरी कुठे बसत. मोबाइलवर त्यांचा आवाज धरून ठेवलात तर फारच उत्तम.

तिसरी, दुरुस्तीला पैसे काढणार असाल त्यांच्यासाठी. आधी छप्पर, मग तुळयांची टोकं, मग भिंती, आणि रंग सर्वांत शेवटी. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावा. आणि भावकीत काहीही ठरो, दरवाजा आधी विकू नका.

आपण सगळे आपलं घर मागे ठेवून इथे आलो आणि इथे दुसरं केलं. तांबेकरांनीही तेच केलं होतं. त्यांचं घर अजून आतून पाहता येतं, ही आपल्या गावाची श्रीमंती आहे. नकाशे काढलेत तर मंडळाकडे आणून द्या. पुढच्या वर्षी याच मंडपात, सजावटीच्या शेजारी, एका फळ्यावर ते सगळे लावू.

प्रसादाला उशीर केला नाही, अशी आशा आहे. गणपती बाप्पा मोरया!