‘दिसत नाही’ म्हणजे नेमके कोठे अडले? : मुक्त संगणकप्रणाली आणि वेबकॅम

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त म्हैसूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा पाठ)



म्हैसूर आणि महाराष्ट्र यांमधील अंतर कशाने मोजावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीने आपापल्या परीने दिले आहे. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत किंवा 17 जुलै 1969 रोजी स्थापन झालेल्या भारतीय भाषा संस्थानात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाने ते आंतर्देशीय पत्राने मोजले, नंतर ट्रंक कॉलने मोजले. पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी असा प्रवास करीत येणाऱ्या अजमेर–म्हैसूर एक्सप्रेसच्या तासांनी ते मोजणारे आजही आहेत. हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतील इन्फोसिसच्या विस्तीर्ण संकुलात प्रशिक्षणासाठी दाखल होणारी मुलेमुली मात्र हे अंतर पडद्यावरील चेहऱ्याने मोजतात. रविवारी संध्याकाळी सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या घरात आई पडद्यासमोर बसते, आणि मुलगा नीट जेवतो की नाही हे त्याच्या उत्तरावरून ठरवण्याऐवजी त्याच्या गालांवरून ठरवते. या भेटीत कॅमेऱ्याचे काम किती महत्त्वाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

या घरगुती भेटीत 14 ऑक्टोबर 2025 या तारखेने एक नवीच अडचण उभी केली. त्या दिवशी विंडोज 10 या प्रणालीचा नियमित आधार संपला. चांगले चालणारे, पण विंडोज 11 च्या अटींत न बसणारे असंख्य संगणक घराघरांत आहेत. ते भंगारात घालण्यापेक्षा त्यांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवावी, हा सल्ला शहाणपणाचाच आहे. उबुंटू किंवा मिंट बसवून होते. मेनू मराठीत दिसतात, लोहित टंकातील देवनागरी स्वच्छ उमटते, पत्रलेखन होते, वीजबिल भरता येते. आणि मग रविवार उजाडतो. पलीकडून आवाज येतो, “आई, मी तुला दिसतोय ना? मला मात्र तू दिसत नाहीस. नुसता काळा चौकोन आहे.” पुढच्या रविवारपर्यंत तो चौकोन काळाच राहिला, तर ‘हे लिनक्स काही कामाचे नाही’ असा निकाल लागतो आणि संगणक माळ्यावर जातो. मुक्त प्रणालीची घरातली खरी परीक्षा हीच असते, आणि ती केवळ एका छोट्या भिंगापाशी पास किंवा नापास होते.

निकाल देण्यापूर्वी शाळेतल्या गणिताच्या गुरुजींची पद्धत आठवावी. ‘गणित सुटत नाही’ ही तक्रार ते ऐकूनच घेत नसत. ‘कोणत्या पायरीवर अडले ते सांग’ एवढेच ते म्हणत. कॅमेऱ्याची कथाही पायऱ्यांचीच आहे; पण त्या पायऱ्या तशा का घडल्या, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

जगातील पहिला वेबकॅम कॉफीच्या भांड्यावर रोखलेला होता. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 1991 मध्ये तो लावला गेला. उद्देश इतकाच, की जिने उतरून गेलेल्या संशोधकाला भांडे रिकामे सापडू नये. पुढे बाजारात आलेल्या स्वस्त कॅमेऱ्यांनी मात्र एक गोंधळ घातला : प्रत्येक कंपनीच्या, किंबहुना प्रत्येक चिपच्या कॅमेऱ्याची बोली निराळी. ती बोली समजणारा दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, कंपनी विंडोजसाठी सीडीवर देत असे. लिनक्सच्या वाट्याला ती सीडी येत नसे.

मग दुभाषी कोणी तयार केले? मिशेल क्झार यांचे उदाहरण या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर आहे. हे फ्रेंच गृहस्थ व्यवसायाने डॉक्टर. त्यांनी फावल्या वेळात, कोणत्याही कंपनीच्या पाठबळाशिवाय, दोनशेहून अधिक कॅमेऱ्यांना चालणारे ड्रायव्हर लिहिले. ‘जीएसपीसीए’ या नावाने ओळखले जाणारे ते काम 2008 मध्ये, ज्यां-फ्रान्स्वा मुआन यांच्या हातून नव्याने घडून, लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, समाविष्ट झाले. आज एखाद्या घरात पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा अंडाकृती कॅमेरा काही न करता चालू होतो, तेव्हा त्यामागे अनेकदा त्या डॉक्टरांच्या संध्याकाळी असतात.

दुसरी घटना कमी सुखद आहे. फिलिप्सच्या कॅमेऱ्यांसाठी एका स्वयंसेवकाने ड्रायव्हर लिहिला होता. पण चित्र उलगडण्याची किल्ली गोपनीयतेच्या कराराखाली असल्याने तेवढा भाग बंद पेटीत ठेवावा लागला होता. बंद भाग जोडण्यासाठीची खिडकी कर्नेलमध्ये असू नये, असे 2004 च्या ऑगस्टमध्ये ठरले. लेखकाने रागावून आपला सगळाच ड्रायव्हर काढून घेण्यास सांगितले आणि तो काढला गेला. तोपर्यंत नीट चालणारे कॅमेरे पुढच्या आवृत्तीत बंद पडणार, हे उघड होते. पुढे ल्यूक सायार यांनी तोच भाग खुल्या स्वरूपात सिद्ध केला म्हणून ते वाचले. त्या वादात तत्त्व कोणाच्या बाजूला होते याविषयी मतभेद असू शकतात. किंमत मात्र ज्यांनी दुकानात पैसे मोजले होते त्यांना मोजावी लागली असती.

या गोंधळातून वाट निघाली ती एका सामाईक भाषेमुळे. सर्व यूएसबी कॅमेऱ्यांनी संगणकाशी एकाच पद्धतीने बोलावे, यासाठी 2003 मध्ये ‘यूएसबी व्हिडिओ क्लास’, संक्षेपाने ‘यूव्हीसी’, हे मानक प्रसिद्ध झाले. लॉरां पँशार यांनी त्यासाठी लिहिलेला ड्रायव्हर जुलै 2008 मध्ये आलेल्या लिनक्सच्या 2.6.26 या आवृत्तीत दाखल झाला. तेव्हापासून एकच दुभाषी हजारो प्रकारच्या कॅमेऱ्यांना पुरतो. बारा बोलींच्या गावाला एक प्रमाणभाषा मिळाल्यावर व्यवहार जसा सोपा होतो, तसेच हे झाले. आणि म्हैसुरात, जेथे भारतीय भाषांचा अभ्यास हे एका राष्ट्रीय संस्थेचे रोजचे काम आहे, हा दृष्टान्त अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही. खरेदीच्या वेळी खोक्यावर ‘यूव्हीसी’ ही अक्षरे किंवा ‘ड्रायव्हरची गरज नाही’ असा उल्लेख पाहावा. मेगापिक्सेलचे मोठे आकडे त्यानंतर वाचले तरी चालतात.

आता त्या काळ्या चौकोनाकडे वळावे. पहिली पायरी अगदी बाळबोध आहे, आणि म्हणूनच ती सर्वाधिक वेळा विसरली जाते. लॅपटॉपच्या भिंगावर सरकती झडप असते. कीबोर्डवर कॅमेरा बंद करणारी कळ असते. काही लॅपटॉपमध्ये ती कळ कॅमेऱ्याची जोडणीच तोडते, त्यामुळे संगणकाला कॅमेरा अस्तित्वातच नाही असे वाटते. तेव्हा टर्मिनल उघडून एल, एस, यू, एस, बी ही पाच रोमन अक्षरे लहान लिपीत, सलग टंकित करावीत. यूएसबीवर जोडलेल्या वस्तूंची यादी समोर येते. बाहेरून लावलेला कॅमेरा त्या यादीत नसेल, तर दोष झडप, कळ, वायर किंवा खोबणीत आहे. प्रणालीला बोल लावण्याचे कारण नाही.

यादीत नाव असेल तर दुसरी पायरी. युनिक्सच्या परंपरेत प्रत्येक उपकरण फाइलच्या रूपाने दिसते. ‘डेव्ह’ नावाच्या फोल्डरात ‘व्हिडिओ0’ अशी फाइल तयार झाली असेल, तर दुभाषी कामावर रुजू झाला आहे असे समजावे. बहुतेक वेळा शेजारी ‘व्हिडिओ1’ही दिसते. कॅमेरा एक आणि फाइली दोन कशा, असा प्रश्न पडतो. दुसरीत चित्र नसते; चित्राविषयीची माहिती तेवढी असते. एखाद्या जुन्या कार्यक्रमात चुकून दुसरी निवडली की चित्र उमटत नाही आणि कॅमेरा बिघडल्याचा आळ येतो.

तिसऱ्या पायरीवर, थेट कॉल न लावता, ‘चीज’ किंवा ‘जीयूव्हीसी-व्ह्यू’ असा साधा कार्यक्रम उघडून स्वतःचा चेहरा पाहावा. येथे चेहरा दिसला तर अर्धे गणित सुटले, कारण आता दोष निश्चितपणे वरच्या मजल्यावर, म्हणजे कॉलच्या कार्यक्रमात किंवा ब्राउझरमध्ये आहे. मात्र पाहून झाल्यावर हा कार्यक्रम बंद करायला विसरू नये. जुन्या रचनेत कॅमेरा एका वेळी एकाच कार्यक्रमाला चित्र देतो. ‘चीज’ उघडे ठेवून कॉल लावला, तर ‘उपकरण व्यस्त आहे’ असे उत्तर येते, आणि आधीच घाबरलेला माणूस अधिक घाबरतो.

वरच्या मजल्यावरचे दोष बहुधा परवानगीचे असतात. ब्राउझरने पहिल्यांदा ‘कॅमेरा वापरू द्यावा का?’ असे विचारले तेव्हा घाईत ‘नाही’ म्हटले गेलेले असते, आणि ब्राउझर ते उत्तर लक्षात ठेवतो. पत्त्याच्या ओळीतील छोट्या चिन्हावर टिचकी मारून ती परवानगी बदलता येते. ‘स्नॅप’ किंवा ‘फ्लॅटपॅक’ स्वरूपात बसवलेले कार्यक्रम तर स्वतंत्र कुंपणात राहतात; त्यांना कॅमेऱ्याची मुभा वेगळी द्यावी लागते. ही कुंपणे कटकटीची वाटली तरी ती असावीत. घरातल्या भिंगावर कोणाचाही हक्क नसावा, ही अपेक्षा रास्तच आहे. आवाजाचा मार्ग चित्राहून स्वतंत्र असतो, हेही येथेच नोंदवावे : कॅमेऱ्यातला मायक्रोफोन ध्वनीच्या सेटिंगमध्ये निराळा निवडावा लागतो. चित्र आले आणि आवाज नाही, तर कॅमेऱ्याला हात लावू नये.

एक दोष मात्र खरोखर मनोरंजक आहे. लहान खिडकीत चित्र उत्तम येते. मोठे केले की तुटते किंवा बंद पडते. याचे कारण अंकगणितात आहे. 1280 गुणिले 720 ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्यास दोन बाइट, सेकंदाला 30 चित्रे : हे सुमारे 55 मेगाबाइट होतात, म्हणजेच सेकंदाला जवळजवळ 442 मेगाबिट. यूएसबी 2.0 ची कागदावरची कमाल मर्यादा 480 आहे, आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मिळते. म्हणून कॅमेरा चित्रे आवळून, ‘एमजेपीईजी’ या स्वरूपात, पाठवू शकतो. ‘जीयूव्हीसी-व्ह्यू’मध्ये ते स्वरूप निवडून चित्र सुधारते का ते पाहता येते. स्वस्त हबवर दुसरा कॅमेरा किंवा ध्वनिसाधने कोंबली असतील, तर कॅमेऱ्याला संगणकाची स्वतंत्र खोबण द्यावी. एसटीत जागा नसेल तर प्रवाशाचा दोष नसतो.

आणखी एक त्रास विशेषेकरून या देशातला. ट्यूबलाइटखाली बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काळसर आडवे पट्टे सरकताना दिसतात. भारतातील वीज 50 हर्ट्झची. त्यामुळे जुन्या पद्धतीची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. कॅमेरा अमेरिकेतील 60 हर्ट्झ गृहीत धरून चालला असेल, तर दोघांचा ताल जुळत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी’ 50 केली की पट्टे जातात. गंमत अशी, की ही सोय त्याच ‘यूव्हीसी’ मानकात लिहिलेली आहे. म्हणून लिनक्सवर ती कोणतीही कंपनीची आज्ञावली न बसवता हाती येते. काही लॅपटॉपमध्ये तर कारखान्यातच कॅमेरा उलटा बसवला गेला आणि माणसे डोके खाली करून बोलू लागली. अशा मॉडेलांची यादीच हान्स डी खूडे यांच्या ‘लिबव्ही4एल’मध्ये ठेवलेली आहे, आणि तेथे चित्र मुकाट्याने सरळ केले जाते.

हे सर्व सांगितल्यावर एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. अलीकडच्या काही पातळ, महागड्या लॅपटॉपांत कॅमेरा यूएसबीवर नसतोच. मोबाइलप्रमाणे उघडा संवेदक थेट प्रक्रियकाच्या चित्रविभागाला जोडलेला असतो. म्हणून त्या पाच अक्षरांच्या यादीत तो शोधूनही सापडत नाही. रंग, प्रकाश, स्पष्टता हे सारे काम आज्ञावलीने करायचे असते, आणि त्या कामाचा तपशील पुन्हा प्रत्येक चिपचा निराळा. म्हणजे 2003 पूर्वीचा बोलींचा गोंधळ नव्या वेषात परत आला आहे. त्यावर उपाय म्हणून 2018 मध्ये ‘लिबकॅमेरा’ हा मुक्त प्रकल्प जाहीर झाला. त्याचे धुरीणत्व करणारे लॉरां पँशारच आहेत, हा योगायोग खचितच नाही. ‘पाइपवायर’च्या जोडीने ते काम दरवर्षी पुढे सरकते आहे, आणि तिच्यामुळे एकच कॅमेरा अनेक कार्यक्रमांना वाटून घेणेही शक्य होऊ लागले आहे. पण सर्व नवी यंत्रे त्यात आलेली नाहीत. नवा लॅपटॉप लिनक्ससाठी घ्यायचा असेल, तर दुकानातच पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून कॅमेरा पाहावा. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. आणि घेऊन झालाच असेल, तर पडद्याच्या कडेवर साधा यूव्हीसी कॅमेरा चिमट्याने अडकवावा. तो शोभत नाही, हे खरे. पण त्यातून आई दिसते.