आधी पूर्वपक्ष



कामगार चळवळीतल्या माणसाने युरोपातल्या मध्ययुगीन तत्त्वज्ञानावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. लॅटिन आम्हांला येत नाही; जे वाचले ते इंग्रजी भाषांतरांवरून. पण त्यात आमच्या कामाला उपयोगी पडेल असे काही मिळाले, आणि तेवढेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

या पंडितांना स्कोलॅस्टिक म्हणतात. सुईच्या टोकावर किती देवदूत नाचू शकतात यावर ते वाद घालीत, अशी त्यांची थट्टा आपण ऐकली असेल. संशोधकांना हा प्रश्न त्या काळच्या ग्रंथांत कोठे आढळला नाही. सतराव्या शतकात इंग्लंडातल्या प्रॉटेस्टंट लेखकांकडून ही थट्टा पसरली. तेराव्या शतकातल्या टॉमस अक्वायनसने विचारले ते वेगळे : एकाच जागी अनेक देवदूत असू शकतात काय? ज्याला शरीर नाही ते ‘एखाद्या जागी असते’ म्हणजे काय, हा त्यामागचा खरा प्रश्न. जेथे त्याची शक्ती काम करते तेथे ते असते, असे तो म्हणतो. आणि एकाच कार्याची दोन पूर्ण कारणे असू शकत नाहीत, म्हणून त्याचे उत्तर ‘नाही’ असे येते. पटो न पटो, हा पोरखेळ नव्हे.

हे आज आपल्याला कळते ते संशोधकांच्या कष्टांमुळे. १८७९ साली तेराव्या लिओ पोपने अक्वायनसच्या अभ्यासाला चालना दिली आणि १८८२ पासून त्याच्या ग्रंथांची शुद्ध आवृत्ती निघू लागली. त्याचे अक्षर इतके वाईट की जाणकारांनी त्याचे नावच ‘न वाचता येणारे अक्षर’ असे पाडले आहे. डेनिफ्ले आणि शातलेन यांनी १८८९ ते १८९७ या काळात पॅरिस विद्यापीठाचे जुने कागदपत्र चार खंडांत छापले.

त्या कागदपत्रांत आमच्या ओळखीची एक हकिकत आहे. १२२९ साली दारूच्या बिलावरून गुत्त्यात तंटा झाला, दंगल उसळली, आणि नगररक्षकांनी काही विद्यार्थी ठार मारले. दाद लागेना, तेव्हा अध्यापकांनी शिकवणे बंद केले. पुष्कळजण शहर सोडून गेले. संप दोन वर्षे चालला! १२३१ साली नवव्या ग्रेगरी पोपने त्यांचा हक्क मान्य केला : विद्यापीठातल्या माणसाला अन्यायाने कैद केले आणि तक्रार करूनही अन्याय थांबला नाही तर लगेच, आणि इजा झाली व तक्रारीनंतर पंधरा दिवसांत निवारण झाले नाही तर त्यानंतर, व्याख्याने बंद ठेवता येतील. घरभाड्याबाबतही पंधरा दिवसांचाच नियम. ‘युनिव्हर्सिटी’ या शब्दाचा मूळ अर्थच संघ.

या संघाचे मुख्य काम वादसभा. गुरू प्रश्न मांडी, सभेतले लोक आक्षेप घेत, उमेदवार त्यांना उत्तरे देई. पुढे दुसऱ्या बैठकीत गुरू निर्णय सांगे. ग्रंथही त्याच घडणीचे. आपल्या मीमांसकांप्रमाणे आधी पूर्वपक्ष, मग सिद्धान्त.

एक उदाहरण घेऊ. अक्वायनस विचारतो : गरजेपोटी चोरी करणे योग्य आहे काय? प्रथम तो विरुद्ध बाजू मांडतो, आणि तीही दुबळी नव्हे. उपासमारीने अन्न, वस्त्र किंवा जनावर चोरणाऱ्याला तीन आठवड्यांचे प्रायश्चित्त सांगणारा चर्चचाच नियम तो पुढे करतो. मग निर्णय देतो : मनुष्याचा कायदा निसर्गाच्या कायद्याला बाधा आणू शकत नाही. काहींच्या जवळचे अधिक धन हे गरिबांच्या पोषणासाठी आहे. गरज उघड आणि निकडीची असेल, दुसरा उपाय नसेल, तर घेतलेले ते चोरी ठरत नाही. आणि चर्चच्या त्या नियमाचे काय? तो निकड नसलेल्यांसाठी आहे, असे तो सांगतो. आक्षेप मांडला, तर त्याचे उत्तरही दिले.

पण येथेच थांबलो तर आम्हीही एकच बाजू सांगितली असे होईल. पाखंडी माणूस सुधारत नसेल तर त्याला देहदंडासाठी राजसत्तेच्या हवाली करावे, हेही याच ग्रंथात आहे. मार्गरीत पोरेत या स्त्रीच्या पुस्तकातली वाक्ये सुटी काढून पॅरिसच्या २१ पंडितांपुढे ठेवली गेली. त्यांनी ती दोषी ठरवली. पुढे १ जून १३१० रोजी तिला ग्रेव्ह चौकात जिवंत जाळले. फ्रेंच भाषेत संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणतात, तो शब्द याच चौकावरून आला. पुढे तेथे बेकार मजूर कामाच्या शोधात जमत. आक्षेप ऐकण्याचे ज्यांना शिक्षण, त्यांनी तिचे पुस्तक तुकड्यांतून न्याहाळले. पूर्वपक्ष कागदावर ऐकला आणि पूर्वपक्षाचा माणूस जाळला!

म्हणून पद्धत घ्यावी आणि तिच्या मालकांनी तिला कोठे दगा दिला तेही ध्यानात ठेवावे. आमच्या युनियनमध्ये मागणीपत्र पाठविण्यापूर्वी एका कामगाराला मालकाची बाजू मांडायला उभे करण्याचा प्रघात आहे. तो जीव तोडून मांडतो. कच्च्या मागण्या तेथेच गळतात. ज्या उरतात त्या वाटाघाटीच्या टेबलावर टिकतात. मात्र सभा संपल्यावर त्या कामगाराला कोणी ‘मालकाचा माणूस’ म्हणता कामा नये. तसे एकदा जरी झाले, तरी पुढच्या सभेत उभा राहायला कोणी मिळणार नाही. आणि मग पूर्वपक्ष आपल्याला मालकाच्या वकिलाकडूनच ऐकावा लागेल.

आता आपले आक्षेप ऐकण्यास आम्ही तयार आहो.