सणाचें नांव कोणीं घ्यावें?



डिसेंबर महिना लागला म्हणजे अमेरिकेंत एक वाद दरवर्षीं नव्यानें उभा राहतो. भेटलेल्या माणसाला ‘मेरी ख्रिसमस’ म्हणावें कीं ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणावें, हा तो वाद. पहिल्या अभीष्टचिंतनांत ख्रिस्ताचें नांव आहे. दुसऱ्यांत नुसत्या सुटीच्या दिवसांच्या शुभेच्छा आहेत. एक पक्ष म्हणतो, ज्याच्या जन्माचा सण त्याचेंच नांव गाळणें हा ख्रिस्ती धर्माला सार्वजनिक जीवनांतून हुसकून लावण्याचा डाव आहे. दुसरा म्हणतो, या देशांत ज्यू आहेत, मुसलमान आहेत, हिंदु आहेत, कोणताच धर्म न मानणारेहि आहेत. तेव्हां सर्वांना चालेल असें बोलावें. २००५ सालीं तर दुकानदारांच्या जाहिरातींत ‘ख्रिसमस’ हा शब्द दिसत नाहीं, एवढ्यावरून बहिष्काराची हांक देण्यांत आली. २०१६ च्या निवडणुकींत डोनाल्ड ट्रम्प यांनीं हा विषय थेट प्रचाराच्या व्यासपीठावर नेला.

आपल्याकडील पुष्कळ घरांतील मुलें-नातवंडें आज त्या देशांत स्थायिक आहेत. तेव्हां हा वाद आपणांस अगदींच परका नाहीं.

एक गोष्ट या धुरळ्यांत सहसा कोणी सांगत नाहीं. नाताळावर खरीखुरी बंदी इंग्लंड-अमेरिकेंत एकदां आली होती, आणि ती घालणारे नास्तिक नव्हते. ते कडवे ख्रिस्ती होते. इंग्लंडांत १६४७ सालीं प्यूरिटन पंथीयांच्या वर्चस्वाखालील पार्लमेंटनें हा सण रद्द केला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत १६५९ सालीं असा कायदा झाला कीं, या दिवशीं काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून जो सण पाळील त्यास पांच शिलिंग दंड. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : ख्रिस्तजन्माची तारीख बायबलांत कोठेंहि दिलेली नाहीं, शिवाय सणाच्या नांवाखालीं दारू आणि दंगा चालतो. हा कायदा १६८१ सालीं उठला. पुढें १८७० सालीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें नाताळची सुटी प्रथम कायद्यांत घातली, तीहि आरंभीं राजधानींतील सरकारी नोकरांपुरती. म्हणजे ज्याला आज ‘पूर्वापार चालत आलेली रीत’ म्हणतात, ती फारशी जुनी नाहीं.

शब्दांचेंहि तसेंच आहे. जन्मभर मुलांना इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगण्यांत गेल्यामुळें मला या वादाची थोडी गंमत वाटते. ‘हॉलिडे’ म्हणजे मूळचा ‘होली डे’, पवित्र दिवस! धर्म टाळण्यासाठीं जो शब्द निवडला त्याच्याच पोटांत धर्म बसलेला. आणि ‘ख्रिसमस’ लिहितांना आरंभीं जें इंग्रजी ‘एक्स’ अक्षर घालतात, त्यावर भाविक लोक रागावतात कीं, ख्रिस्ताला खोडून तेथें फुली मारली. पण ती फुली नव्हे, तें ग्रीक भाषेंतील ‘ख्रिस्त’ या शब्दाचें पहिलें अक्षर आहे. नाताळचें पहिलें छापील शुभेच्छापत्र १८४३ सालीं लंडनांत सर हेन्री कोल यांनीं काढविलें. त्यावर ‘मेरी ख्रिसमस’ हे शब्द आहेत, परंतु येशू नाहीं, मरिया नाहीं. मद्याचे पेले उंचावलेलें एक कुटुंब मध्यें आहे, आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र देण्याचीं चित्रें आहेत. उलट, अमेरिकन घराघरांत गाइलें जाणारें ‘व्हाइट ख्रिसमस’ हें गीत अर्व्हिंग बर्लिन या ज्यू गृहस्थानें रचिलें. १९४२ सालच्या ज्या बोलपटांतून तें लोकांपुढें आलें, त्याच बोलपटासाठीं त्यानें ‘हॅपी हॉलिडे’ हेंहि गीत लिहिलें. आज जीं दोन वाक्यें एकमेकांवर तुटून पडतात, तीं एकाच चित्रांत शेजारीं शेजारीं नांदत होतीं.

पण हा केवळ शब्दांचा खेळ असता तर त्यासाठीं आपला वेळ मीं घेतला नसता. खरा प्रश्न सरकारचा आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेंत १७९१ सालीं दुरुस्ती होऊन असें ठरलें कीं, काँग्रेसनें कोणत्याहि धर्माची राजधर्म म्हणून स्थापना करूं नये, आणि कोणाच्या धर्माचरणास प्रतिबंधहि करूं नये. मग नगरपालिकेनें नाताळांत ख्रिस्तजन्माचा देखावा मांडावा कीं नाहीं?

ऱ्होड आयलंड राज्यांत पॉटकेट नांवाचें एक शहर आहे. तेथील नगरपालिकेनें १९७३ सालीं १,३६५ डॉलर खर्चून गव्हाणीचा देखावा विकत घेतला. दरवर्षीं तो एका बागेंत मांडीत. पण त्याच्या सोबतीला काय नव्हतें? सांताक्लॉजचें घर होतें, त्याची गाडी ओढणारीं हरणें होतीं, ख्रिसमसचें झाड होतें, विदूषक, हत्ती आणि अस्वल यांचीं कापून काढलेलीं चित्रें होतीं, ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ अशीं अक्षरें झळकत होतीं. आणि या साऱ्या गलक्यांत मरिया, योसेफ, मेंढपाळ आणि बाळ येशू. कांहीं नागरिकांनीं फिर्याद केली. १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, एकंदर देखावा पाहतां येथें धर्मस्थापना होत नाहीं. सणाचें मूळ काय एवढेंच यांत दाखविलें आहे.

पांच वर्षांनीं पिट्सबर्ग शहरांतला खटला आला. तेथें जिल्ह्याच्या न्यायकचेरींतील भव्य जिन्यावर एका कॅथॉलिक मंडळाचा गव्हाणीचा देखावा एकटाच ठेवीत. हरणें नाहींत, विदूषक नाहीं. वर देवदूताच्या हातीं देवाचा महिमा गाणारे लॅटिन शब्द. न्यायालयानें तो घटनाबाह्य ठरविला! त्याच निकालांत दुसऱ्या सरकारी इमारतीपुढें ४५ फूट उंचीच्या ख्रिसमसच्या झाडाशेजारीं ठेविलेली ज्यूंच्या हनुका सणाची १८ फुटी समई मात्र चालूं दिली. तिकडील लोक थट्टेनें याला ‘हरणांचा नियम’ म्हणतात. बाळ येशूनें सरकारी जागेंत यावें, पण हरणें बरोबर घेऊन यावें.

ही थट्टा मला झोंबते. पॉटकेटच्या खटल्यांत विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ति ब्लॅकमन यांनीं नेमकें दुखणें ओळखलें होतें. त्यांचा आशय असा कीं, या निकालानें नगरपालिका जिंकली, पण पवित्र प्रतीक बाजाराच्या शोभेची वस्तु होऊन बसलें. ख्रिस्ती माणसाला त्याचा खरा अर्थ उघड बोलतां येईना, आणि इतरांना तें परकें वाटावयाचें राहीना. ख्रिस्ती धर्माचा अवमान शोधावयाचाच असेल तर तो दुकानांतील पोरीच्या ‘हॅपी हॉलिडेज’मध्यें शोधूं नये, हत्ती-अस्वलांच्या रांगेंत उभें केल्यावरच देवाला परवाना मिळावा, यांत तो आहे. आणि हा परवाना मागावयास गेले होते ते धर्माचे कैवारीच.

२०१३ सालीं टेक्सास राज्यानें कायदा केला कीं, शाळांतून शिक्षक-विद्यार्थ्यांनीं ‘मेरी ख्रिसमस’ म्हणण्यास हरकत नाहीं. हें ठीक झालें. मास्तरालाहि तोंड असतें. पण त्याच कायद्यांत शाळेंतील सजावटीविषयीं अट आहे : एकाहून अधिक धर्मांचीं चिन्हें हवींत, नाहीं तर एका धर्माच्या चिन्हाजवळ एखादें निधर्मी चिन्ह हवें. पुन्हां हरणें आलींच! २०२२ सालच्या एका निकालांत न्यायालयानें जुनी कसोटी सोडून इतिहास आणि परंपरा पाहण्याचें ठरविलें आहे. पण १६५९ ची दंडाची परंपरा धरावयाची कीं १८७० ची सुटीची?

माझें मत विचाराल तर, माणसानें माणसाला सणाच्या खऱ्या नांवानें शुभ चिंतावें. ख्रिस्ती शेजाऱ्याला नाताळच्या शुभेच्छा देतांना हिंदूचा धर्म बुडत नाहीं; आपल्या भाषेनें तर ‘नाताळ’ हा पोर्तुगीज शब्द जन्म या अर्थासकट उचलून घरांत घेतला आहे. सरकार मात्र कोणाचा शेजारी नव्हे. त्यानें सुटी द्यावी, रस्ते झाडावेत, मिरवणुकीला वाट करून द्यावी, आणि देवांच्या बाबतींत मौन पाळावें. दुकानदाराचें अभीष्टचिंतन हा त्याच्या विक्रीचा भाग. त्यावर कोणी भक्ति तोलूं नये.

आतां हा प्रश्न आपल्याहि दाराशीं आला आहे. व्हाइट हाऊसमध्यें २००३ पासून दिवाळी साजरी होऊं लागली. न्यूयॉर्क शहरांतील सरकारी शाळांना दिवाळीची सुटी देणारा कायदा नोव्हेंबर २०२३ मध्यें झाला, आणि १ नोव्हेंबर २०२४ रोजीं पहिली सुटी मिळाली. आपल्या मंडळींना धन्यता वाटली, मलाहि वाटली. परंतु तिकडील सूचनापत्रकांतून आणि भाषणांतून दिवाळीचें वर्णन बहुधा ‘दिव्यांचा सण’ एवढेंच असतें. लक्ष्मीपूजन नाहीं, बलिप्रतिपदा नाहीं, नरकचतुर्दशीचें अभ्यंगस्नान तर नाहींच. तेथील आजीनें नातवाला या दिवसांचीं नांवें घरीं सांगून ठेवावींत. शाळेच्या पत्रकांत तीं येतील अशी वाट पाहूं नये, आणि यावींत म्हणून अर्जहि करूं नये.